स्मृती, प्रवाह आणि मर्यादा

यंत्रांचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपण बहुधा मोठ्या यंत्रांचा इतिहास सांगतो. कोणते यंत्र कोणत्या वर्षी उभे राहिले, त्याचा वेग किती होता आणि त्यापायी किती पैसा खर्ची पडला, एवढे सांगितले की आपले काम झाले असे आपणांस वाटते. परंतु ज्या लहान लहान योजनांच्या आधाराने ही यंत्रे प्रत्यक्ष काम करतात, त्यांनाही स्वतःचा इतिहास असतो, आणि कित्येकदा तो अधिक बोधप्रद असतो. सी या नावाच्या संगणकभाषेतील अशाच एका योजनेचा मागोवा मी आज घेणार आहे. या भाषेत स्मृतीतील एखाद्या मोकळ्या जागेला फाईल मानून तिच्यात लिहिता येते व तिच्यातून वाचता येते. ही सोय २००८ साली पॉझिक्स या आंतरराष्ट्रीय मानकात अधिकृतपणे दाखल झाली. तिची मुळे मात्र त्याच्याही चाळीस वर्षे मागे जातात. आणि ती शोधीत गेले असता एकच प्रश्न पुनःपुन्हा आपल्यासमोर उभा राहतो : एखाद्या जागेची हद्द कोठे संपते, याची नोंद त्या जागेबरोबर असते की नसते?

प्रथम तीन शब्दांची ओळख करून घेऊ. संगणकात माहिती ठेवण्याच्या मुख्यतः दोन जागा असतात. एक स्मृती, दुसरी तबकडी. स्मृती वेगवान असते, आणि तिच्यातील प्रत्येक घराला क्रमांक असतो. क्रमांक सांगितला की त्या घरातील अक्षर हाती येते. तबकडी तुलनेने फार संथ. परंतु तिच्यावर लिहिलेले टिकते, आणि तेथे ठेवलेल्या मजकुराला नाव देता येते. नाव दिलेला असा मजकूर म्हणजे फाईल. आता या वेगवान आणि संथ भागांची गाठ पडली की मध्ये काहीतरी सावरणारे लागते. आगगाडीच्या दोन डब्यांमध्ये धक्का सोसण्यासाठी बफर असतात, ते आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्याच नावाने संगणकातही स्मृतीचा एक तुकडा मध्ये राखून ठेवलेला असतो. तबकडीवरून एका खेपेस पाचशे अक्षरे आणून या बफरात ओतावी, आणि आज्ञावलीने ती तेथून एकेक करून घ्यावी, अशी ही व्यवस्था असते.

तिसरा शब्द प्रवाह. शेताच्या बांधावर उभा असलेला शेतकरी पाटाचे पाणी दार मोडून वाफ्यात घेतो. ते पाणी धरणातून आले की विहिरीतून, याची त्याला त्या वेळी विचारपूस करावी लागत नाही. पाणी येत आहे तोवर घ्यावयाचे, आणि ते संपले म्हणजे संपले, एवढे त्याला पुरते. आज्ञावलीनेही माहितीकडे याच दृष्टीने पाहावे, ही कल्पना म्हणजे प्रवाह. तिचा एक महत्त्वाचा गुण येथेच लक्षात ठेवावा. प्रवाह केव्हा संपला, हे वाचणाऱ्याला कळविण्याची जबाबदारी प्रवाहाकडेच असते.

या गोष्टीचा आरंभ एका फसलेल्या सहकार्यापासून होतो. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्या संस्था, जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी आणि बेल प्रयोगशाळा या तिघांनी मिळून मल्टिक्स नावाची एक भव्य संगणकव्यवस्था रचावयास घेतली होती. मल्टिक्सच्या रचनेत फाईल आणि स्मृती यांच्यातील भेद शक्य तितका पुसून टाकलेला होता. तेथे फाईल म्हणजे स्मृतीचाच एक खंड. आज्ञावलीने घराचा क्रमांक सांगावा, आणि ते घर तबकडीवर असले तर त्याला स्मृतीत आणण्याची दगदग व्यवस्थेने करावी, असा तो विचार होता. आपण आज ज्या योजनेचा इतिहास पाहत आहोत, ती याच्या बरोबर उलट दिशेने जाते. मल्टिक्सने फाईलला स्मृतीचे रूप दिले होते. पुढे सी भाषेने स्मृतीला फाईलचे रूप दिले.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेने मल्टिक्समधून अंग काढून घेतले. न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे तिचे जे संशोधक होते, त्यांत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे दोघे होते. हाती भव्य यंत्र उरले नव्हते. पीडीपी-७ नावाचा एक जुना, फारसा वापरात नसलेला संगणक त्यांना मिळाला. त्याची स्मृती अठरा अंकस्थानांच्या आठ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या मानाने नगण्यच होती. त्या यंत्रावर युनिक्सचा जन्म झाला. पुढे पीडीपी-११ हे नवे यंत्र आले, तेव्हाही एकंदर स्मृती चोवीस हजार बाइटांची, आणि तीतील सोळा हजार बाइट व्यवस्थेनेच अडविलेले. एवढ्या संसारात मल्टिक्सचा थाट परवडणारा नव्हता. म्हणून टॉम्प्सन व रिची यांनी फाईल आणि स्मृती यांना पुन्हा वेगळे केले, आणि फाईलची व्याख्या अत्यंत साधी करून टाकली. फाईल म्हणजे एकापाठोपाठ एक आलेली अक्षरे. तिच्यावर उघडणे, वाचणे, लिहिणे, पुढेमागे सरकणे आणि मिटणे एवढ्याच क्रिया व्हावयाच्या. त्यापूर्वीच्या पुष्कळ व्यवस्थांत फाईलच्या ओळी ठरावीक मापाच्या असाव्या लागत, कारण ऐंशी स्तंभांच्या छिद्रपत्रांची सवय सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. युनिक्सने ही सक्ती काढून टाकली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे टंकयंत्र, फितीचे यंत्र यांसारखी साधनेसुद्धा तिने फाईल म्हणूनच समोर ठेवली. ज्या आज्ञावलीला फाईल वाचता येते, तिला टंकयंत्रही वाचता येऊ लागले.

या विचाराचे पुढचे पाऊल डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे पडले. बागेला पाणी घालण्याच्या नळीचे तुकडे जसे एकमेकांस जोडावे, तशा आज्ञावल्याही एकमेकींस जोडता आल्या पाहिजेत, असे त्यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते. १९७३ च्या आरंभी ही नळी युनिक्समध्ये आली. एका आज्ञावलीने लिहिलेले दुसरीने वाचावे, आणि दोघींनाही वाटावे की आपण एखाद्या फाईलशीच व्यवहार करीत आहोत. प्रत्यक्षात तेथे नाव असलेली फाईल नसे. जुन्या युनिक्समध्ये ४०९६ बाइटांपर्यंत भरणारी एक निनावी जागा असे, एवढेच. ती भरली की लिहिणाऱ्याने थांबावयाचे आणि रिकामी झाली की वाचणाऱ्याने थांबावयाचे. येथे एक गोष्ट सिद्ध झाली. फाईल म्हणजे तबकडीवरील विशिष्ट वस्तू असे मानण्याचे कारण उरले नाही. जो ठरलेल्या क्रियांना ठरल्याप्रमाणे उत्तर देईल, तो फाईलच्या जागी बसू शकतो.

याच सुमारास सी भाषा आकार घेत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा या भाषेत नव्याने लिहिला गेला. माहिती आणण्या-नेण्यासाठी माइक लेस्क यांनी एक फंक्शनसंच तयार केला होता. वेगवेगळ्या यंत्रांवर तो चालावा हा त्यामागील हेतू होता. पुढे त्याचे पुनर्लेखन होऊन सी भाषेचा प्रमाणभूत आदानप्रदानसंच सिद्ध झाला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांच्या पुस्तकात त्याची रचना उघड करून दाखविली आहे. आणि १९७९ च्या जानेवारीतील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सर्वदूर पोहोचला.

या संचात प्रत्येक उघड्या फाईलमागे एक छोटीशी नोंदवही असे. तिच्यात पाच रकाने असत. पुढचे अक्षर स्मृतीत कोठे आहे. अजून किती अक्षरे शिल्लक आहेत. बफरचा आरंभ कोठे आहे. ही फाईल वाचण्यासाठी उघडली आहे की लिहिण्यासाठी. आणि व्यवस्थेच्या लेखी तिचा क्रमांक कोणता. एकेक बफर ५१२ बाइटांचा असे, आणि अशा नोंदवह्या एकंदर वीस असत. एक अक्षर मागितले म्हणजे काय होई? शिल्लक एकने कमी करावयाची, ती संपली नसेल तर बफरातील अक्षर उचलून द्यावयाचे, आणि संपली असेल तरच तबकडीकडे जावयाचे. म्हणजे पाचशे बारा खेपांपैकी पाचशे अकरा खेपांत आज्ञावली फाईलपर्यंत जातच नसे. ती स्मृतीच वाचीत असे. सी भाषेतील फाईल पहिल्यापासून अशी स्मृतीच्या पोटातच वावरत होती. तिला तबकडीशी बांधणारा धागा केवळ एका प्रसंगी उपयोगात येई, तो म्हणजे शिल्लक संपल्यावर.

मग कोणाला तरी हे सुचणे अपरिहार्य होते की तो धागाच तोडून टाकावा. सातव्या आवृत्तीत नेमके हेच केलेले आढळते. आकडे, शब्द वगैरे विशिष्ट मांडणीने छापून देणारे एक फंक्शन सी भाषेत आहे. तोच छापील मजकूर कागदावर न उतरविता स्मृतीत हवा असेल, तर त्याचे भावंड असलेले एस-प्रिंट-एफ वापरावे लागते. ते लिहिणाऱ्यांनी छपाईची सारी यंत्रणा पुन्हा उभारली नाही. त्यांनी एक खोटी नोंदवही तयार केली. पुढचे अक्षर कोठे ठेवावयाचे या रकान्यात वापरणाऱ्याने दिलेला स्मृतीतील पत्ता लिहिला, ही नोंदवही स्मृतीची आहे अशी खूण केली, आणि ती छपाईच्या मूळ यंत्रणेच्या हाती दिली. यंत्रणेने ती फाईलच समजून मजकूर लिहिला. स्मृतीला फाईल मानण्याची युक्ती अशा रीतीने संचाच्या आत, पडद्याआड, १९७९ सालीच वापरात होती.

परंतु श्रोतेहो, त्या नोंदवहीचा दुसरा रकाना पाहा. शिल्लक जागा किती? तेथे ३२७६७ हा आकडा घातलेला होता. सोळा अंकस्थानांच्या त्या यंत्रावर साध्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ती हीच. वापरणाऱ्याने दिलेली जागा शंभर बाइटांची असो की दहा बाइटांची, तेथे शिल्लक ३२७६७ च दाखविली जाई. तिच्या शेजारचे, वाचण्याचे काम करणारे एस-स्कॅन-एफ हे फंक्शन मात्र आधी मजकुराची अक्षरे मोजी आणि खरा आकडा नोंदवी. वाचताना हिशेब खरा आणि लिहिताना खोटा, असा हा विचित्र प्रकार होता.

तो निष्काळजीपणा होता असे म्हणून मोकळे होता येणार नाही. त्याचे कारण सी भाषेच्या घराण्यात आहे. बीसीपीएल आणि बी या तिच्या पूर्वज भाषांपासून एक रीत चालत आली होती. एखाद्या फंक्शनला स्मृतीतील जागा द्यावयाची म्हणजे तिच्या पहिल्या घराचा क्रमांक तेवढा द्यावयाचा. जागा किती लांब आहे, ही माहिती त्याबरोबर जात नसे. एस-प्रिंट-एफला खरा आकडा लिहावयाचा असता, तरी तो त्याला कोणी सांगितलेलाच नव्हता. शेत दिले, पण सातबाऱ्यावर क्षेत्रफळाचा रकाना कोरा ठेवला, असा हा व्यवहार. छोट्या यंत्रावर, एकमेकांना ओळखणाऱ्या चारदोन कसलेल्या माणसांत तो निभावून गेला.

इतर भाषांनी याच प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले होते. आल्गोल ६८ या भाषेच्या सुधारित अहवालात अक्षरांच्या रांगेला फाईलशी जोडून देण्याची क्रिया सांगितलेली आहे. फोरट्रॅन भाषेच्या काही उत्पादकांनी आपापल्या परीने तशी सोय आधीच दिली होती, आणि १९७८ मध्ये मंजूर झालेल्या फोरट्रॅन ७७ या मानकात तिला अंतर्गत फाईल हे नाव मिळाले. अक्षरांचे साठवण असलेले कोणतेही चल घ्यावे आणि त्यात फाईलप्रमाणे लिहावे. मात्र या भाषांत अक्षरांच्या साठ्याची लांबी त्याच्याबरोबरच वावरते. त्यामुळे जागेपेक्षा अधिक मजकूर लिहिणे ही तेथे चूक ठरते आणि ती पकडता येते. कल्पना तीच, परंतु हद्दीच्या नोंदीसह आलेली.

हद्दीची ही उणीव केवढी महाग पडू शकते, हे १९८८ च्या नोव्हेंबरात जगाला कळले. २ नोव्हेंबरच्या सायंकाळी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने लिहिलेली, स्वतःच्या प्रती काढीत फिरणारी एक आज्ञावली तेव्हाच्या इंटरनेटवर सुटली. यंत्रांत शिरण्याचे तिचे मार्ग अनेक होते. त्यांपैकी एक आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी येतो. यंत्रावर कोण काम करीत आहे, या चौकशीला उत्तर देणारी एक छोटी सेवा युनिक्सच्या बर्कले येथील आवृत्तीत होती. ती आलेला प्रश्न गेट्स नावाच्या फंक्शनने वाची. प्रश्न जाळ्यावरून प्रवाहाच्या रूपाने येई आणि ५१२ बाइटांच्या जागेत उतरवून घेतला जाई. मॉरिसच्या आज्ञावलीने व्हॅक्स यंत्रांकडे ५३६ बाइट पाठविले. वरचे चोवीस बाइट हद्दीबाहेर सांडले, आणि सांडले ते अशा ठिकाणी की यंत्राने पुढे काय करावयाचे ते त्यांनीच ठरविले. काही तासांत हजारो यंत्रे खोळंबली. त्यांची संख्या सहा हजारांच्या घरात असावी असा अंदाज त्या वेळी केला गेला.

या घटनेत दोष नेमका कोठे होता ते पाहण्यासारखे आहे. प्रवाहाच्या बाजूने सर्व हिशेब चोख होता. नोंदवहीत शिल्लक अक्षरांचा आकडा होता, बफर संपला की नवा भरला जात होता, एकही अक्षर भलतीकडे जात नव्हते. हिशेब सुटला तो प्रवाहातून काढून उघड्या स्मृतीत ठेवताना. एकाच आज्ञावलीच्या एका हाताला हद्द ठाऊक होती आणि दुसऱ्या हाताला ठाऊक नव्हती. दुरुस्ती करताना गेट्सच्या जागी असे फंक्शन घातले गेले, ज्याला जागेची लांबी सांगावी लागते. स्वतः गेट्सला सी भाषेच्या मानकातून २०११ साली वगळण्यात आले.

त्यानंतरच्या काळात जे घडले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. बर्कले येथे आदानप्रदानसंच नव्याने लिहिण्यात आला आणि १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो तेथील युनिक्सच्या ४.४ या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्यात एस-एन-प्रिंट-एफ हे फंक्शन होते. त्याच्या आतली युक्ती जुनीच, म्हणजे खोटी नोंदवही तयार करून छपाईच्या यंत्रणेला देणे. परंतु शिल्लक जागेच्या रकान्यात आता ३२७६७ नव्हते, वापरणाऱ्याने सांगितलेली खरी लांबी होती. १९९९ च्या सी मानकाने हे फंक्शन स्वीकारले. एक रकाना खरा भरण्यास सातव्या आवृत्तीपासून वीस वर्षे लागली. बर्कलेच्या त्याच संचात फन-ओपन नावाची आणखी एक सोय होती. वाचावे कसे, लिहावे कसे, सरकावे कसे आणि मिटावे कसे, ही चार फंक्शने आपण स्वतः लिहून द्यावीत आणि त्यांच्यामागे काहीही ठेवावे. बाहेरून ती फाईलच दिसेल. ग्नू प्रकल्पाच्या सी संचानेही अशाच स्वरूपाची सोय दिली, आणि केवळ स्मृतीसाठी म्हणून दोन तयार फंक्शने त्यात घातली. एफ-मेम-ओपन आणि ओपन-मेमस्ट्रीम ही त्यांची नावे.

त्यांची गरज का भासली, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. छायाचित्रे जेपेग या पद्धतीने साठविण्यासाठी एक सार्वजनिक आज्ञासंच १९९१ पासून प्रसिद्ध होत आला आहे, आणि त्याचा उपयोग जगभर झाला आहे. त्यात तयार मिळणारी वाट फाईलची होती. उघडी फाईल द्यावी आणि चित्र घ्यावे. परंतु चित्र जाळ्यावरून येऊन आधीच स्मृतीत पडलेले असेल तर काय करावे? एक तर स्वतः खटपट करून माहिती पुरविणारी फंक्शने लिहावीत, ज्याची मुभा त्या संचात होती. नाहीतर स्मृतीतील चित्र तबकडीवर तात्पुरत्या फाईलमध्ये लिहावे आणि लगेच तेथून परत वाचावे. स्मृतीतून सरळ वाचण्याची तयार सोय त्या संचाच्या आठव्या आवृत्तीत, २०१० साली आली. अशा प्रसंगी एफ-मेम-ओपन कामास येते. स्मृतीतील जागा, तिची लांबी आणि वाचावयाचे की लिहावयाचे हा हेतू, एवढे त्याला सांगावे. ते एक उघडी फाईल हाती देते. फाईलखेरीज काही न समजणाऱ्या जुन्या आज्ञावलीला ती खुशाल द्यावी. तबकडीला हात न लावता काम होते. आज्ञावलीची चाचणी घेणाऱ्यांना तर ही सोय विशेष उपयोगी पडते, कारण शंभर निरनिराळे नमुने तपासण्यासाठी शंभर फायली निर्माण कराव्या लागत नाहीत.

दुसरे फंक्शन, ओपन-मेमस्ट्रीम, हे केवळ लिहिण्यासाठी आहे. मजकूर किती होईल हे आधी माहीत नसते, अशा वेळी ते वापरावयाचे. जागा अपुरी पडू लागली की ते स्वतःच मोठी जागा मिळविते, आणि शेवटी मजकुराचा पत्ता व त्याची लांबी दोन्ही सांगते. २००८ च्या पॉझिक्स मानकाने या दोघांना मान्यता दिली. पुढे २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत आणि २०१७ मध्ये मॅकच्या व्यवस्थेत ती आली. आज ज्या श्रोत्यांच्या खिशात अँड्रॉइडचा दूरध्वनी असेल, त्यांच्याजवळही ही फंक्शने आहेत.

येथे मराठी भाषकांशी या विषयाचा एक खरा संबंध येतो. लांबीचा अंदाज बांधून जागा राखण्याची सवय ज्या काळात लागली, त्या काळात एक अक्षर म्हणजे एक बाइट हे समीकरण धरून चालत. आज जगातील लिप्या ज्या यूटीएफ-८ पद्धतीने लिहिल्या जातात, तिची आखणी १९९२ मध्ये याच केन टॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासह केली. तीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या लेखी त्यात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, आणि त्यांचे बाइट पंधरा. इंग्रजी अक्षरांच्या मापाने राखलेल्या जागेत मराठी नाव घातले, तर ते मावणार नाही. हद्द न मोजणारे फंक्शन असेल तर मजकूर सांडेल. हद्द मोजणारे असेल तर कदाचित एखादे चिन्ह अर्ध्यावर तुटेल. अशा मजकुरासाठी आपोआप वाढणारी जागा अधिक सोयीची, हे सांगावयास नको.

तरीही स्मृतीला फाईलचे रूप दिल्याने ती फाईल होत नाही, हे विसरून चालणार नाही. अशा फाईलला व्यवस्थेच्या दप्तरी क्रमांक नसतो. म्हणून जेथे तो क्रमांक मागितला जातो तेथे तिचा उपयोग होत नाही. ओपन-मेमस्ट्रीमने दिलेला पत्ता बफर रिता केल्यावर किंवा फाईल मिटल्यावरच विश्वसनीय समजावयाचा. मध्ये पुन्हा काही लिहिले तर जागा हलू शकते आणि हाती असलेला पत्ता जुना ठरतो. काम संपल्यावर ती जागा परत करण्याचे कामही वापरणाऱ्याचेच. एफ-मेम-ओपनची गंमत त्याहून वेगळी. आपण दिलेल्या जागेपुढे संच स्वतःचा एक बफर ठेवतो. म्हणजे बफरावर बफर चढतो. त्यामुळे दिलेल्या लांबीपेक्षा अधिक मजकूर लिहिला तर तो सांडत नाही हे खरे, परंतु जागा संपल्याची वार्ता लिहिताक्षणी न कळता बफर रिता करताना कळते. ज्याला ती तत्काळ हवी असेल, त्याने मधला बफर काढून टाकावा, अशी सूचना दिलेली असते. आणि जो रिता करताना मिळणारे उत्तर तपासीतच नाही, त्याला ती कधीच कळत नाही.

शेवटी सर्व गोष्टी त्या एका रकान्यापाशी येऊन थांबतात. एफ-मेम-ओपनला जागेची लांबी सांगावी लागते, आणि ती सांगतो माणूस. शंभर बाइटांची जागा देऊन त्याने हजार सांगितले, तर फंक्शन त्याच्यावर विश्वास ठेवील, आणि १९७९ च्या नोंदवहीत ३२७६७ लिहिले गेले तेव्हा जे होणे शक्य होते ते पुन्हा शक्य होईल. प्रवाहाचे रूप आपल्याला हद्द विचारावयास लावते, ती लिहून ठेवते आणि लिहिलेल्या आकड्याप्रमाणे तिचे रक्षण करते. तो आकडा खरा आहे की नाही, हे मात्र ते ठरवू शकत नाही.

मल्टिक्सच्या रचनाकारांनी फाईलला स्मृती केले, टॉम्प्सन-रिची यांनी दोघांना वेगळे केले, आणि त्यांच्याच परंपरेतील माणसांनी पुढे स्मृतीला फाईल केले. चाळीस वर्षांच्या या प्रवासात यंत्रांची स्मृती काही हजार बाइटांवरून अब्जावधी बाइटांवर गेली. जागेची टंचाई, जिच्यापायी हिशेब आखडता घेतला गेला होता, ती केव्हाच संपली. परंतु आपण दिलेली जागा येथे सुरू होते आणि येथे संपते, एवढे प्रामाणिकपणे नोंदवून पुढे देण्याची गरज मात्र पीडीपी-११ च्या काळात जेवढी होती तेवढीच आजही आहे.